हा रकाना भरणे आवश्यक आहे

(अमरावती येथे झालेल्या स्त्रियांच्या मेळाव्यात दुपारच्या सत्रात केलेल्या भाषणाचे हे शब्दांकन. बोलण्याचा ओघ तसाच ठेवला आहे. वक्त्या संगणकाच्या क्षेत्रात काम करतात. – संपादक मंडळ)

मैत्रिणींनो,

सकाळपासून इथे पोटगीवर बोलणं झालं, सातबाऱ्यावर बाईचं नाव लावण्यावर झालं. आता माझा विषय पुकारला गेला, 'संगणकावरच्या अर्जातील रकान्यांची तपासणी', आणि मागच्या रांगेतल्या दोन काकू चहाला उठल्या. काकू, बसा थोडं. तुम्ही कधी ना कधी सेतू केंद्राच्या रांगेत उभ्या राहिल्याच असाल. आत बसलेल्या पोराने मान वर न करता सांगितलं असेल, "मावशी, घेत नाही ते." काय घेत नाही, का घेत नाही, हे त्यालाही सांगता आलं नसेल. मी त्या 'घेत नाही'बद्दल बोलणार आहे. कारण संगणकाने कुठे 'घेत नाही' म्हणायचं, ते लिहून ठेवण्याचं काम मी पोटासाठी करते.

मी मूळची अकोल्याची. आई डाळ मिलमध्ये डाळ निवडायला जायची. मी चौथीत असताना वडील घरातून गेले ते परत आले नाहीत. मेले नव्हते, फारकत झाली नव्हती, नुसते गेले. शाळेतून कुठलाही कागद आला की खाली 'वडिलांची सही' अशी जागा असायची. आई तिथे आपली सही करायची आणि आमच्या वर्गाच्या बाई ती चालवून घ्यायच्या. एकदा नव्याने आलेल्या कारकुनाने कागद परत केला. आई मिलमधून तशीच, अंगावर डाळीचा भुसा घेऊन शाळेत गेली. म्हणाली, "पोरगी मी पोसतो, तं सही कोनाची लागते?" तो माणूस जरा वेळ गप्प राहिला. मग त्याने कागदाच्या समासात काहीतरी शेरा लिहिला आणि कागद घेतला.

तो समास लक्षात ठेवा. पुढे त्याच्याकडे परत यायचं आहे.

आता तपासणी म्हणजे काय ते सांगते. आपण ज्वारी चाळतो, पाखडतो, तशीच अर्जाला चाळण असते. आमच्या धंद्यात तिला व्हॅलिडेशन म्हणतात. ती साधारण तीन प्रकारची. पहिली चाळण एवढंच बघते की रकाना रिकामा तर नाही ना. ज्या रकान्यापुढे लाल चांदणी दिसते, तो भरल्याशिवाय अर्ज पुढे सरकत नाही. ही चांदणी लावायला आम्हाला फार कष्ट पडत नाहीत. 'रिक्वायर्ड' असा एक शब्द लिहिला की बाकीचं ब्राउझर बघतो.

दुसरी चाळण आकार बघते. मोबाइलचे आकडे दहा आहेत का, आधारचे बारा आहेत का. आधारमध्ये तर एक छान युक्ती आहे. त्याचा शेवटचा आकडा आधीच्या अकरा आकड्यांवरून गणिताने काढलेला असतो. याकोबस व्हरहोफ नावाच्या डच गणितज्ञाने १९६९ साली मांडलेली ही रीत. लिहिताना एखादा आकडा चुकला, किंवा शेजारचे दोन आकडे उलटसुलट झाले, तर हिशेब जुळत नाही आणि संगणक तिथेच थांबवतो. ही चाळण चांगली आहे. तिच्यामुळे तुमचे पैसे भलत्याच्या खात्यात जाण्याचा एक धोका टळतो. तेव्हा मी तपासणीच्या विरोधात बोलायला आलेली नाही. मी स्वतः ती रोज लिहिते.

तिसरी चाळण मात्र अर्ज बनवणारा स्वतःच्या डोक्याने लिहितो. तिला कस्टम व्हॅलिडेशन म्हणतात, म्हणजे खास बनवून घेतलेला नियम. 'बाई विवाहित असेल तर नवऱ्याचं नाव हवंच', 'नाव किमान तीन अक्षरांचं हवं', 'आडनाव हवंच'. असे नियम कुणाच्या तरी टेबलावर, पुष्कळदा घाईत, डेडलाइन तोंडावर आलेली असताना लिहिले जातात. लिहिणाऱ्याला वाटतं आपण फक्त टायपिंगच्या चुका पकडतोय. पण त्या क्षणी तो ठरवत असतो की जगात बायका कोणकोणत्या प्रकारच्या असतात. जो प्रकार त्याला सुचला नाही, त्या प्रकारच्या बाईला त्या अर्जात जागा राहत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. माझ्या हातून घडलेली गोष्ट आहे, ती सांगते. काही वर्षांपूर्वी एका संस्थेसाठी मी शिलाई मशीन वाटपाचा अर्ज बनवला. संस्थेचं नाव घेत नाही, कारण चूक माझी होती. अर्जात मी वैवाहिक स्थितीचा रकाना ठेवला आणि त्यात तीनच पर्याय दिले: विवाहित, अविवाहित, विधवा. विवाहित निवडलं तर नवऱ्याच्या नावाला लाल चांदणी. कुणी नुसतं टिंब टाकून पुढे जाऊ नये म्हणून वर नियम लिहिला, नाव किमान तीन अक्षरांचं असावं. आणि त्या दिवशी मी स्वतःवर खूश होते. नियम चोख चालत होता.

ज्या बाईच्या आईला नवऱ्याने टाकलं होतं, तिने हा अर्ज बनवला! मैत्रिणींनो, मला हे सांगताना आजही लाज वाटते. संगणकासमोर बसल्यावर आपण आपलं घरसुद्धा विसरतो.

पुढे संस्थेने छाननी सुरू केली तेव्हा काही अर्ज 'माहिती खोटी' म्हणून बाजूला पडले. त्यातला एक बाळापूर तालुक्यातल्या एका बाईचा होता. विधवा असं लिहिलं होतं आणि मृत्यूचा दाखला जोडलेला नव्हता. दाखला मागितला तर बाई म्हणाली, नवरा जिवंत आहे. मला राहवेना. मी बडनेऱ्याहून गाडी धरली, मूर्तिजापूर, अकोला आणि पुढे एसटी. मावशी घरी भेटल्या. त्यांनी जे सांगितलं ते असं.

त्या अर्ज भरायला केंद्रावर गेल्या. पोराने विचारलं, नवऱ्याचं नाव? मावशी म्हणाल्या, "बारा वर्सं झाली, तो दुसरी घेऊन तिकडं रायते. मले नवरा हाये का नाही हेच मले माहीत नाही, तं मी काय सांगू?" पोराने टिंब टाकलं, घेतलं नाही. 'नाही' असं टाकलं, घेतलं नाही. दोनच अक्षरं होतात ना. मागे रांग वाढत होती. शेवटी पोरगा म्हणाला, "मावशी, विधवा टाकतो, मंग नाव मागत नाही ते." आणि त्याने टाकलं. अर्ज सरळ पुढे गेला. माझ्या चाळणीतून खरं अडकलं आणि खोटं आरपार निघालं.

मावशी मला म्हणाल्या, "माय, मी खोटं नाही बोलली. तुह्या मशिनीनं मले बोलाले लावलं." आणि थोड्या वेळाने, "गावात बातमी झाली वं, का इनं मशिनीपायी जित्त्या नवऱ्याले मारलं." मंगळसूत्र त्यांनी कधीच काढून ठेवलं होतं. पण लोकांच्या तोंडी जे आलं ते आलं. तोवर वाटप संपलं होतं. मशीन मिळालं नाही, बोल मात्र मिळाला.

अमरावतीला परत आल्यावर मी नवऱ्याच्या नावाचा सगळा रकाना उघडून वाचला. कुणी भावाचं नाव घातलं होतं. कुणी 'माहीत नाही' लिहिलं होतं, ते माझ्या नियमाने नाव म्हणून स्वीकारलं होतं. कुणी 'देव जाणे'. एकीने नवऱ्याच्या नावाच्या जागी स्वतःचंच नाव पुरं लिहिलं होतं. आणि ज्या बायका अर्धा अर्ज भरून घरी गेल्या, त्यांचा तर पत्ताच नव्हता.

इथे मला तो समास आठवला. माझ्या आईचा कागद कारकुनाने परत केला तेव्हा आईला निदान माणूस दिसला. त्याच्याशी भांडता आलं. त्याने नकार लेखी दिला असता तर वरच्याकडे दाद मागता आली असती. संगणकाने अडवलेल्या बाईच्या हातात काय असतं? अर्ज दाखलच झाला नाही, म्हणून पावती नाही. पावती नाही, म्हणून नकार नाही. नकार नाही, म्हणून अपील नाही. आपल्याकडे २०१५ पासून लोकसेवा हक्क कायदा आहे. त्यात अधिसूचित सेवांसाठी अर्जाची पोच, ठरलेली मुदत, नाकारल्यास लेखी कारण आणि अपील, हे सगळं आहे. पण ते घड्याळ अर्ज दाखल झाल्यावर चालू होतं. लाल चांदणीपाशी थांबलेल्या बाईसाठी ते सुरूच होत नाही. उद्या कुणी विचारलं की किती बायका अडल्या, तर यंत्रणा खरेपणाने सांगेल, आमच्याकडे तशी नोंद नाही.

हा प्रश्न संगणकाने जन्माला घातलेला नाही, हेही सांगायला हवं. कागदाच्या काळातही रकाने होते. १९८४ साली लेखिका गीता हरिहरन यांनी आपल्या लहान मुलाच्या नावे रिझर्व्ह बँकेचे रोखे घ्यायला अर्ज केला. पालक म्हणून त्यांची सही चालेना, वडिलांची हवी म्हणाले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि फेब्रुवारी १९९९ मध्ये न्यायालयाने आईलाही मुलाची नैसर्गिक पालक म्हणून उभं राहता येतं असा अर्थ लावला. एका अर्जातल्या सहीच्या जागेसाठी पंधरा वर्षं! डिसेंबर २०१६ मध्ये पासपोर्टचे नियम बदलले. आई किंवा वडील, एकाचं नाव पुरे, आणि विभक्त किंवा घटस्फोटित अर्जदाराने जोडीदाराचं नाव द्यायची गरज नाही. डिसेंबर २०१८ पासून एकल आईच्या मुलांना पॅन कार्डासाठी वडिलांचं नाव सक्तीचं राहिलं नाही. म्हणजे चांदण्या निघतात. कुणीतरी हटून बसलं की निघतात.

आपल्या राज्यातलंच घ्या. १९८८ साली संगमनेरला समता आंदोलनाने टाकलेल्या स्त्रियांना एकत्र आणलं. स्वतंत्र रेशनकार्ड ही त्या लढ्यातली ठळक मागणी होती. पुढे २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने रेशनकार्डापुरती घरातली अठरा वर्षांवरची सर्वांत थोरली बाई कुटुंबप्रमुख मानली. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात आधी स्वतःचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं आणि आडनाव, असा क्रम शासनाने सक्तीचा केला. आपण टाळ्या वाजवल्या, वाजवायलाच हव्यात. पण त्याच निर्णयात विवाहित स्त्रीसाठी तिचं नाव, मग नवऱ्याचं नाव आणि आडनाव, ही जुनीच पद्धत चालू ठेवली आहे, तेही वाचा.

आणि आता लाडकी बहीण. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयात पात्र स्त्रिया कोण? विवाहित, विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता, निराधार. परित्यक्ता हा शब्द तिथे स्वच्छ लिहिला आहे. पण सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी सक्तीची झाली तेव्हा बाईच्या आधारबरोबर नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार मागितला गेला, आणि त्याला जोडलेल्या मोबाइलवरचा ओटीपी. आता ज्याने टाकलं त्याच माणसाला फोन करून सांगायचं, 'तुझ्या मोबाइलवर आकडा आला असेल, तेवढा सांग.' तो सांगेल का? सांगितलाच तर बदल्यात काय मागेल? ओरड झाल्यावर मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत वाढली. ज्यांचे नवरा आणि वडील हयात नाहीत किंवा ज्या घटस्फोटित आहेत, त्यांनी स्वतःची ई-केवायसी करून मृत्यूचा दाखला किंवा घटस्फोटाचा आदेश अंगणवाडी सेविकेकडे द्यावा, अशी वाट काढली गेली. ही वाट निघाली हे बरंच झालं. पण टाकलेल्या बाईजवळ कुठला दाखला असतो? मृत्यूचा नाही, घटस्फोटाचाही नाही. शासन निर्णयाने तिला आत घेतलं आणि रकान्याने दारात उभं ठेवलं. माझ्या बाळापूरच्या मावशींसारखंच.

जाता जाता नावाचीही एक गंमत सांगते. एका अर्जात देवनागरीत नाव घ्यायचं होतं. नावात फक्त अक्षरं असावीत, आकडे नकोत, असा नियम माझ्या एका सहकाऱ्याने लिहिला. तपासायला म्हणून त्याने 'कमल' टाकलं, गेलं. 'नयन' टाकलं, गेलं. नियम बरोबर म्हणून काम पुढे पाठवलं. प्रत्यक्षात 'सुनीता' अडली, 'वत्सला' अडली, 'शांताबाई' अडली. कारण असं की संगणकाच्या लिपी-तक्त्यात, ज्याला युनिकोड म्हणतात, काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, हलन्त ही अक्षरं धरलेली नाहीत, त्यांचा 'चिन्हे' असा वेगळा वर्ग आहे. नियमात चिन्हांना परवानगीच नव्हती. इंग्रजी नावांसाठी शिकलेला नियम मराठीला लावला की असं होतं. दुरुस्ती एका ओळीची होती. पण ती सुचायला एक सुनीता अडावी लागली.

मशीनच्या अर्जाचं मी पुढे काय केलं तेही सांगते. 'टाकलेली किंवा वेगळी राहणारी' असा पर्याय घातला. नवऱ्याचा रकाना आधी दिसतच नाही, गरज असेल तरच उघडतो, आणि तिथेही 'सांगायचे नाही' ही निवड ठेवली. तीन अक्षरांचा नियम काढला. आडनाव नसलं तरी चालेल असं केलं. माहेरचं नाव एका कागदावर आणि सासरचं दुसऱ्यावर असेल तर अर्ज अडत नाही, फक्त पिवळी सूचना येते आणि पुढे माणूस बघतो. आणि शेवटी एक मोठी चौकट दिली, 'तुम्हाला आणखी काही सांगायचे असल्यास'. तो माझ्या आईच्या कागदाचा समास. संस्थेतले एक गृहस्थ म्हणाले, "अहो ताई, अशाने कुणीही काहीही लिहील." मी म्हटलं, आत्ताही काहीही लिहिलंच होतं की, 'देव जाणे' तुमच्याकडे नवरा म्हणून नोंदलेला आहे. ते हसले, आणि हो म्हणाले. आधार आणि खाते क्रमांकाची तपासणी मात्र मी तशीच कडक ठेवली, ब्राउझरवरही आणि सर्व्हरवरही. पैसा जिथे जायचा ती जागा चुकता कामा नये.

आता तुमच्याकडे मागणं. आपण शासन निर्णय वाचायला शिकलो, एफआयआर वाचायला शिकलो. आता अर्जातल्या लाल चांदण्या वाचायला शिकू या. प्रत्येक चांदणीला विचारायचं, बाई, तू कुठल्या नियमाने आलीस? शासकीय अर्ज असेल तर माहिती अधिकारात लेखी विचारता येतं की हा रकाना कोणत्या निर्णयाने सक्तीचा केला. नियम सापडला नाही तर चांदणी काढा म्हणायचं. अपुरा अर्जही दाखल करून घ्या आणि त्याला क्रमांक द्या, म्हणजे अपिलाची वाट उघडेल. किती अर्ज कुठल्या रकान्यापाशी अडले, ती संख्या जाहीर करा; नावं नकोत, नुसती संख्या. अडवताना मराठीत सांगा की काय चुकलं आणि पुढे कुणाला भेटायचं. टाकलेल्या बाईची स्वयंघोषणा मान्य करा. आणि अर्ज सुरू करण्याआधी तो विधवा, टाकलेली, एकटी, एकाच नावाची, अशा बायकांकडून एकदा भरून घ्या. त्याला एक दुपार पुरते.

बाहेरच्या टेबलावर मी एक वही ठेवली आहे. ज्यांचा अर्ज कुठे अडला असेल त्यांनी तीनच गोष्टी लिहा: कुठला अर्ज, कुठला रकाना, पडद्यावर काय आलं. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. लिहिता येत नसेल तर मला सांगा, मी लिहून घेते. संध्याकाळच्या गाडीपर्यंत मी इथेच आहे.

आणि काकू, आता चहाला चला. मीही येते.